डबलबारीतला समोरचा बुवा

पावस गावच्या देवळात त्या दुपारी आमची भजनाची डबलबारी होती. समोरासमोर दोन पेट्या, दोन बुवा. एकाने गाण्यातून डिवचायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. समोरचा बुवा म्हातारा होता, पेटीवर त्याचा हात थरथरायचा. मी त्यावरच कडवं रचलं. लोक खदखदून हसले.

मग त्याची पाळी आली. आता हा माझी अब्रू काढणार, असं मला वाटलं.

तो म्हणाला, "हात थरथरतो, ता खरा हाय. आता सूर थरथरतो काय, बगा."

त्याने एकच अभंग गायला. सूर जराही हलला नाही.

"बुवा, उत्तर द्या!" लोक माझ्यावर ओरडले. मला डिवचवेना. मी साधा अभंग धरला, तेव्हा समोरून टाळाची साथ आली. तो बुवाच वाजवत होता, माझ्यासाठी.