तिसरा वाटा

माणूस नियम लावून गट शिकतो की आधी पाहिलेलं आठवून, हे त्याच्या उत्तरांवरून ताडायचा माझा प्रयोग होता. ठाण्याच्या मच्छीबाजारातल्या एका मावशींना मी माशांची चित्रं दोन गटांत लावायला दिली. चुकलं की मी सांगायचे. कागदावरच्या कल्ल्यांवरही अंगठा दाबून बघत त्या विकायला मांडावेत तसे भराभर वाटे लावू लागल्या. खरी परीक्षा शेवटच्या, आधी न दाखवलेल्या चार चित्रांची होती; तिथे नियमाने एक उत्तर येणार होतं, आठवणीने दुसरं. ती चारही त्यांनी वेगळीच मांडली.

"मावशी, गट दोनच आहेत."

"ही मासळी आता खाडीत गावत नाय, बाय," म्हणत त्यांनी सवयीने त्या तिसऱ्या वाट्यावर पाणी शिंपडलं.

माझ्या तक्त्यात रकाने दोनच होते. मी चार चुका लिहिल्या, तेव्हा चित्रं अजून ओली होती.