बाटली काही भरेना

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. शेजारी कुणी उभं असेल तर मला लघवी होत नाही. शाळेत नाही, लग्नाच्या हॉलवर नाही, सिनेमाच्या मध्यंतरात तर मुळीच नाही. लोक रांगेत उभे राहतात, शेजाऱ्याशी कांद्याच्या भावावर बोलतात आणि बोलता बोलता मोकळे होतात. मला त्यांचा कायम हेवा वाटत आला आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

इंजिनिअर होऊन दोन वर्षं मी घरी बसलो होतो. आमच्या जबलपुरात मराठी घरं तशी मोजकी, त्यामुळे एकाचा मुलगा घरी बसला की काळजी सगळे वाटून घेतात. शेवटी बंदरावरच्या एका कंपनीत क्रेनच्या कामावर निवड झाली. आईने देवापुढे साखर ठेवली. पण रुजू होण्याआधी नशेच्या पदार्थांची तपासणी करून घ्या, असं कंपनीने कळवलं होतं. राइट टाउनमधल्या एका लॅबमध्ये लघवीचा नमुना द्यायचा. गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या, जे काही घेतलं असेल ते म्हणे त्यात दिसतं. मला हसूच आलं. माझं व्यसन एकच, खव्याची जलेबी, आणि ती कुठल्या तपासणीत सापडत नाही.

थंडीचे दिवस होते. बाबा स्वेटर घालून स्कूटरवर मागे बसले. "मी येतो सोबत," एवढंच म्हणाले.

लॅबमधला भैया भला माणूस होता. त्याने खिसे रिकामे करायला लावले, हात धुवायला लावले, बाटली दिली. आतल्या नळाला चिकटपट्टी मारलेली होती आणि कमोडच्या पाण्यात निळा रंग ओतला होता, म्हणजे कुणी बाटलीत पाणी मिसळायला नको. इथवर सगळं ठीक. मग तो माझ्या मागोमाग आत आला आणि त्यानेच कडी लावली.

"आप?"

"हां जी. कंपनी का नियम है. बोतल भरते हुए देखना पड़ता है."

"देखना?"

"अरे भैया, मैं कौन-सा शौक से देखता हूँ. आप करो."

दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ उभं राहावं, तसा तो हाताची घडी घालून उभा राहिला. मी डोळे मिटले. सतराचा पाढा म्हटला. धुआंधारचा अख्खा धबधबा डोळ्यांसमोर कोसळवला. काही नाही.

बाहेर आल्यावर त्याने नियम सांगितला. पाणी प्या, पण तो देईल तेवढंच. तीन तास बसा. तेवढ्यात झालं नाही तर 'नमुना देण्यास नकार' असं लिहावं लागेल, आणि नकार म्हणजे कंपनीच्या लेखी नशेबाजच. नोकरी गेली. दोन वर्षांनी मिळालेली नोकरी माझ्या मूत्राशयावर येऊन अडकली होती.

बाबांनी आईला फोन लावला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"काहून होऊन नाही राहिली त्याला?" आई ओरडली. "त्याच्या कानाशी धरा फोन." आणि मग त्या भरल्या हॉलमध्ये, शुगर तपासायला आलेल्या दहा-बारा माणसांसमोर, माझ्या आईचा आवाज घुमला, "शूऽऽ... शूऽऽ..."

माझ्यावर काही परिणाम झाला नाही. समोरच्या बाईंच्या मांडीवरच्या बाळाने मात्र आज्ञा पाळली. त्या बाईंनी आमच्याकडे जे बघितलं, ते सांगण्यासारखं नाही.

दुसरा प्रयत्न वाया गेला, तिसराही. भर थंडीत मला घाम फुटला. तेव्हा भैया काउंटरवरच्या दीदीला हळूच म्हणाला, "जो लेते हैं ना, उनका यही होता है. डर के मारे आता ही नहीं." हळू म्हणजे त्याच्या मते हळू. बाबांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी वाळलेलो होतोच. रात्री नोकऱ्यांचे अर्ज भरायचो आणि दिवसा झोपायचो, तेही त्यांना दिसत होतं. मग ते उठले आणि कुठेतरी गेले. परत आले ते डावा हात अंगाशी घट्ट धरून, मोडल्यासारखा.

"चलो, जरा जिन्यात ये."

जिन्यात त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि स्वेटरच्या आतून, काखेतून, गुलाबपाण्याची छोटी बाटली काढली. आत गुलाबपाणी नव्हतं.

"घे. माझी आहे."

मला आधी कळेचना.

"गार झाली तर रिजेक्ट करतात. म्हणून काखेत धरून राहिलो."

माझे बाबा सरकारी फॅक्टरीत माल तपासायला, इन्स्पेक्शनला होते. रिजेक्ट करण्यात त्यांची हयात गेली. संध्याकाळी गेटवर सगळ्यांची झडती व्हायची, तर हे पहारेकऱ्याने सांगायच्या आधीच हात वर करायचे. सरकारी पेन्सिलीने त्यांनी मला कधी चित्र काढू दिलं नाही. आणि आता हा माणूस जिन्यात उभा राहून मला स्वतःची लघवी चोरून देत होता.

"बाबा, तो आत उभा राहून बघतो!"

"माहीत आहे. मी बाहेर चक्कर येऊन पडतो. तो धावत येईल. तेवढ्यात तू ओत."

"तुम्हाला चक्कर येते?"

"आतापर्यंत तर नाही आली. आणू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "तुम्हाला वाटते, मी नशा करून राहिलो?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी विचारलं का तुला काही? घे ना चुपचाप."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटली त्यांच्याच हातात ठेवून मी तरातरा आत आलो. "चलो भैया!" म्हणत त्याला जवळजवळ ओढतच नेलं आणि दार आपटलं. सख्खा बाप! आयुष्यात सिगारेट ओढली नाही, आणि सख्ख्या बापाला मी असा वाटावा? घरी गेल्यावर त्यांना काय काय सुनवायचं, ते मी मनात जुळवत होतो. चांगली तीन-चार वाक्यं तयार झाली होती, तेवढ्यात भैया किंचाळला,

"बस, बस! भर गई, भैया! बस करो!"

रिपोर्ट पुढे स्वच्छच आला. पण त्या दिवशी घरी जाताना स्कूटर मी चालवत होतो आणि राग उतरला नव्हता. चौकात लाल दिवा लागला तेव्हा मान न वळवता विचारलं,

"तुम्हाला खरंच वाटलं होतं?"

"हो."

"मग रागवायचं होतं. कानाखाली द्यायची होती."

"ते घरी गेल्यावर देणारच होतो," बाबा मागून म्हणाले. "आधी तुला तिथून सोडवून तर आणायचं होतं ना."