निराधार

फोटो धुण्याच्या हायपो द्रावणाचा आंबूस वास बोटांना एकदा लागला की साबणानं धुवूनही जात नसे. सोमवारी कचेरीत फायली चाळताना तो मधूनच नाकाशी येई आणि माझ्या मनात रविवारचं ऊन पुन्हा पसरे. नव्वदच्या आसपासची ती वर्षं. धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. एक जुना कॅमेरा, न्हाणीघराच्या खिडकीवर घोंगडी टांगून केलेली अंधारखोली, आणि छायाचित्रण हा आपला धंदा नव्हे, छंद आहे याचा केवढा तरी अभिमान, एवढं माझं ऐश्वर्य होतं. कुणी लग्नाचे फोटो काढायला बोलावलं तर मी हसून नकार देई. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या नानांची तर मला कीवच येई. गिऱ्हाइकाला आवडेल तसा चेहरा उजळ करून देणारा तो माणूस. प्रकाशाशी त्याचं काय नातं, असं वाटे.

रविवारी मी साक्रीकडची एस.टी. धरायचो. त्या बाजूचं हिवाळी ऊन तिरपं, कोरडं आणि इतकं निर्मळ असतं की कापणी झालेल्या बाजरीच्या शेतातला एकेक खुंट आपली सावली घेऊन उभा राहतो. अशाच एका रविवारी, साक्रीच्या बाजाराच्या दिवशी, स्टँडलगतच्या निंबाखाली एक वयस्क बाई बसलेली दिसली. मांडीवर गाठोडं, चेहरा वर उचललेला, डोळे बारीक केलेले, कपाळभर सुरकुत्यांचं जाळं. मी दुरूनच, तिला न विचारता, फोटो घेतला. तेवढ्यात गाडी आली आणि ती गर्दीत मिसळून गेली.

अंधारखोलीत तो चेहरा कागदावर उमटताना मी थरारलो होतो. उजेड अधिक वेळ पडू दिला की कागदाचा तेवढा भाग काळवंडतो. मी तो पडू दिला, सुरकुत्या खोल होईतो, डोळ्यांच्या खाचांत काळोख साचेतो. पुढे गावातल्या आम्हा हौशी मंडळींनी वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं, तेव्हा तोच फोटो मोठा करून लावला आणि खाली सुबक अक्षरांत नाव लिहिलं : 'निराधार'. लोक त्याच्यासमोर थबकत, हळहळत, आणि मग माझ्याकडे आदरानं वळून पाहत. त्या आदराची मला सवय होऊ लागली होती.

प्रदर्शन उठण्याच्या आदल्या दुपारी, दवाखान्यात परिचारिका असलेली एक तरुणी आपल्या आईला घेऊन आली. तुझ्या आईचा फोटो लागलाय, असं तिला गावाकडच्या कुणीतरी सांगितलं होतं. आईनं ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसलं होतं. ती फोटोसमोर उभी राहिली तरी मला तिची ओळख पटायला वेळ लागला, कारण ती हसत होती.

"मीच शे ना व पोरी?" ती अहिराणीत मुलीला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊ, खाले काय लिखेल शे?"

मीच कोरून लिहिलेला तो शब्द तिच्यासमोर मला उच्चारता येईना. मुलीनं पाटी वाचली. मग माझ्याकडे एकदा पाहिलं, रागानं नव्हे. परका माणूस घरात वाकून पाहू लागला की दार ओढून घेताना बायका पाहतात, तसं.

"साक्रीना बाजार, असं लिखेल शे, माय."

"खरं शे," आई म्हणाली. "त्या दिन मी हिनाकडेच ई ऱ्हायंतू. हिले नोकरी लागेल व्हती. गाठोडामा लाडू व्हतात. ऊन नुसतं डोयामा जाये." मग जरा संकोचून, "मना घरमा लावाले एक दे ना, भाऊ."

निघताना मुलगी मागे रेंगाळली. "एका शब्दात तुम्ही आम्हा सगळ्या भावंडांना पुसून टाकलंत," ती हळूच म्हणाली, आणि आईचा हात धरून पायऱ्या उतरली.

त्या संध्याकाळी नानांच्या स्टुडिओवरून जाताना माझी मान वर झाली नाही. फोटो तयार झाला की ते तो आधी त्या माणसापुढेच धरत, "बघा, तुम्हीच आहात ना?" असं विचारत. माझा छंद कुणालाच काही विचारत नव्हता, आणि मी त्याला स्वातंत्र्य म्हणत होतो.

पुढच्या रविवारी मी तीच निगेटिव्ह पुन्हा फोटो मोठा करायच्या यंत्रात घातली आणि उजेड बेताचा ठेवला. द्रावणात कागद हळूहळू जागा झाला : गाठोड्याची फुलांची नक्षी, गालावरचं ऊन, आणि ओठांच्या कडेला कुणाला तरी भेटायला निघालेल्या माणसाचं हसू. ते पहिल्यापासून तिथंच होतं. मीच त्यावर काळोख ओतला होता.

तो फोटो घेऊन मी दवाखान्यात गेलो. मुलीनं तो बराच वेळ पाहिला. "हं, ही आई," ती म्हणाली. मग, "तो दुसरा फाडलात ना?"

"हो," मी म्हणालो.

तो अजून माझ्या ट्रंकेत आहे. फाडायचं ठरवून कितीदा तरी बाहेर काढला, खिडकीशी नेला; आणि दर वेळी, मी काही करायच्या आत, डोळा त्या सुरकुत्यांवरून फिरू लागतो, काळोखाची खोली जोखतो, मान किंचित डोलते. मग आपलं हे डोलणं ध्यानात येतं, आणि मी तो पालथा घालून ट्रंक लावून घेतो.