कचरा न टाकणारं घर

फुंकणी वडिलांच्या तोंडात असेपर्यंत आमच्या घरात कुणाला मार बसत नसे. हुपरीत घरोघर चांदीचं काम चालतं. आमच्याकडं पैंजणाच्या कड्यांना डाग द्यायचं काम असायचं. डाग देणं म्हणजे कडीची दोन टोकं तापवून जोडणं. समोर रॉकेलचा दिवा, तोंडात पितळेची वाकडी फुंकणी. गाल फुगवून ज्योत बारीक करायची आणि ती नेमकी जोडावर मारायची. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात काम. अशा वेळी माणसाला शिवीसुद्धा देता येत नाही. फुंकणी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला, की मी आणि आई आपापल्या जागी ताठ व्हायचो. आता काय उचलतील, ते आधी बघून ठेवायचो.

आईनं त्यावर एक उपाय काढला होता. दुपारी ती थोड्या कड्या डब्याच्या मागं सरकवून ठेवायची आणि दिवेलागणीला काढायची.

"हे राहिलंच की वो."

"डोळं फुटलं व्हतं का दिवसभर?" वडील म्हणायचे, आणि परत फुंकणी तोंडाला लावायचे. तेवढा वेळ आमचा.

पण कड्या संपायच्याच. मग निमित्त काहीही चालायचं. भाकरी जाड झाली, पाणी गार नव्हतं, व्यापाऱ्यानं वजनात खोट काढली. आईला त्यांनी पाटानं मारलेलं मी बघितलंय, चपलेनं मारलेलं बघितलंय, भिंतीवर आपटलेलं बघितलंय. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचीही फुंकणी चालू असायची, ती थांबायची नाही. मला पट्टा ठरलेला होता.

आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी गेले. कोल्हापूरच्या कॉलेजात नाव घालायचं म्हणून आई तीन दिवस वडिलांच्या मागं लागली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा पुढचा दात पडला. दात हातात घेऊन ती म्हणाली, "आता तरी सही करा." त्यांनी केली. फी सगळ्यांचेच आईबाप भरतात. माझी अशी भरली गेली, आणि मला त्याचा अभिमान आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजजवळच्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : 'स्वतःची गोष्ट लिहायला शिका. दर रविवारी सकाळी.' घरी जादा तास म्हणून सांगितलं आणि एसटीत बसले.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरायचा. शिकवायला निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे. दहाबारा जण होते. त्यांत एक निवृत्त हवालदार होते, कायम पहिल्या बाकावर, मिशीला तेल लावलेलं. बाईंचा नियम असा, की लिहिलेलं उभं राहून मोठ्यानं वाचायचं आणि ऐकणाऱ्यानं 'छान' म्हणायचं नाही.

मी पहिल्याच रविवारी जाडजूड गठ्ठा नेला. त्यात गावाचा इतिहास होता, देवीची जत्रा होती, चांदीच्या धंद्याची माहिती होती, आत्या होत्या, मामा होते, आणि कुठंतरी शेवटी शेवटी, 'वडील कधीकधी रागावत असत' एवढं एक वाक्य. बाईंनी गठ्ठा परत दिला. "निम्मं काप आणि आण."

पुढच्या रविवारी मी तो आणखी दोन पानं वाढवून आणला.

"बाई, हिला कापायला सांगितलं, हिनं शिवून आणलं की!" हवालदार म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण मला खरंच जमत नव्हतं. पेन्सिल शब्दावर टेकली की हात आखडायचा.

बाई म्हणाल्या, "टोक कर पेन्सिलीला, आणि इथंच बसून काप." मी टोक केलं. खाली पडलेला भुसा बोटानं गोळा केला, कागदात घेतला, कागदाची पुडी केली आणि पर्समध्ये ठेवली. बाई बघतच राहिल्या.

"काय केलंस हे?"

काय केलं ते माझ्याही ध्यानात नव्हतं. मग सांगावं लागलं. चांदीवाल्याच्या घरात कचरा टाकत नाहीत. झाडलोट डब्यात जाते. हात धुतलेलं पाणी घमेल्यात. केस विंचरायचे तेही खाली फडकं अंथरून, कारण केसांतही कीस बसलेला असतो. चांदीचा एक कण जरी बाहेर गेला तरी वजन घटतं, आणि वजन घटलं की आमच्याकडं काय होतं ते मी सांगितलं नाही. मी जन्मल्यापासून काहीच फेकलेलं नव्हतं. शब्द कुठून फेकणार?

बाईंनी विचारलं, "मग त्या डब्याचं पुढं काय होतं?"

"झारेकरी नेतो. जाळतो, धुतो, आटवतो."

"आणि हाताला काय लागतं?"

"चिमूटभर."

"तेवढंच आण."

मी घरी कापायला बसले. गावाचा इतिहास गेला. जत्रा गेली. मामा गेले. पुढच्या रविवारी बाईंनी एका वाक्याखाली बोट ठेवलं : 'वडील मनानं वाईट नव्हते.'

"हे तुझं वाक्य आहे का?"

मी विचार केला. "न्हाय. आत्याचं हाय."

"मग आत्याला लिहू दे."

तेही गेलं. असं करत करत सगळ्या गठ्ठ्यातून एक पान उरलं. एका संध्याकाळचं. ते मी वर्गात वाचलं. 'छान' म्हणायचं नव्हतंच, कुणी म्हणालंही नाही. हवालदार मात्र उठून उभे राहिले.

"बापाचं असं चव्हाट्यावर मांडत्यात व्हय? उद्या लगीन कोण करंल तुझ्याशी?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हवालदार, तुमच्या चौकीत अशी बाई यायची तेव्हा तिला काय सांगायचा तुम्ही?"

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "घरला जा म्हणायचो."

"मग बसा खाली."

ते बसले.

शेवटी एक कार्यक्रम ठरला. वाचनालयाच्या हॉलमध्ये निवडक पाच जणांनी आपापली गोष्ट लोकांसमोर वाचायची. पाचांत मी होते. हँडबिलं छापली, त्यावर माझं नाव, पुढं गावाचं नाव. मी ते छापलेलं नाव एसटीत बसून पुनःपुन्हा वाचलं. आमच्या घरातल्या कुणाचं नाव त्याआधी छापून आलेलं नव्हतं.

ते हँडबिल माझ्याआधी घरी पोचलं. कड्या द्यायला आलेल्या व्यापाऱ्यानं कोल्हापूरहून आणलं होतं. "पोरगी भाषणं करतीया की तुमची!" म्हणून तो हसला आणि गेला. वडिलांना वाचायला नीट येत नव्हतं. त्यांनी ते मलाच वाचायला लावलं.

"गोष्ट कसली?"

"आपल्या घरातली."

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. ते पान माझ्या पर्समधून काढलं, दिव्यावर धरलं, बोटांना चटका बसेपर्यंत धरलं. मग माझं मनगट पकडून उजवा हात ऐरणीवर दाबला आणि त्यावर हातोडीचा दांडा मारला. एकदा. दोनदा. आवाज आधी आला, कळ नंतर. "लिही आता," ते म्हणाले. आई मध्ये पडली, तिच्या छातीत कोपर बसलं आणि ती भट्टीच्या कडेला बसकण मारून श्वास ओढत राहिली. माझी दोन बोटं मोडली होती. सरकारी दवाखान्यात मी हौदावर पडले असं सांगितलं. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, आणि हौद असं लिहिलं.

रविवारी मी जाणार होते, हे आईला सांगावं लागलं नाही. तिनंच माझी वेणी घातली, मला हातानं जमत नव्हतं म्हणून. त्या दिवशी खाली फडकं अंथरलं नाही.

मी म्हणाले, "मी सांगून आले की ते तुला सोडणार न्हाईत."

"मला ते एरवी तरी कुठं सोडत्यात? जा तू. मागं काय बी होऊ दे. पर मधी थांबू नगंस. अर्धं सांगून आलीस तर मार दोघींस्नी पुरा बसंल आणि गोष्ट तेवढी अर्धी ऱ्हाईल."

हॉलवर बाईंनी माझा प्लॅस्टरचा हात बघितला. फक्त म्हणाल्या, "कागद?"

"जाळला. पण एवढंसंच तर उरलं होतं, बाई. पाठ हाय."

गठ्ठाच राहिला असता, तर त्या दिवशी मी मुकीच परत आले असते.

माझी पाळी आली. मी माइकसमोर उभी राहिले आणि बोलू लागले. त्या संध्याकाळी वजनात खोट निघाली. वडिलांनी आईवर चांदी चोरल्याचा आळ घेतला. तिला फडक्यावर बसवलं, वेणी सोडली, मूठभर केस धरून डोकं फडक्यावर झटकलं, परत परत, चांदी पडते का बघायला. केस पडले. चांदी पडली नाही—

मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला. वडील दारात होते. कामाच्या कपड्यांवरच आले होते.

"बंद कर त्ये!"

कुणीतरी म्हणालं, "पावणं, बसा की. कार्यक्रम चाललाय."

"कसला कार्यक्रम? माझी पोरगी हाय ती. माझ्या घरातलं हाय त्ये."

ते सरळ स्टेजवर आले. मी बोलत होते. त्यांनी माझ्या तोंडावर मारली, उलट्या हातानं, घरात मारायचे तशीच. ओठ फुटला. माइक पडला. पुढच्या ओळीतल्या बायका ओरडल्या. दुसरी मारायला त्यांनी हात वर केला, तो तसाच मागं ओढला गेला. हवालदार होते. त्यांनी वडिलांचा हात पाठीमागं पिरगळला आणि भिंतीशी दाबून धरला.

"काका, हात मोडंल त्यांचा," मी म्हणाले.

"मोडू दे. तू बोल."

मी रक्त रुमालात थुंकले आणि माइकशिवाय बोलले. तापलेला चिमटा होता, लाल. तो त्यांनी आईच्या दंडावर ठेवला आणि विचारलं, चांदी कुठं हाय? ती म्हणाली, मला म्हाईत न्हाय. त्यांनी दुसरीकडं ठेवला. मी दिव्यापाशी बसले होते. कातडीचा वास आला. ती ओरडली नाही, कारण ओरडली की मला पट्टा बसायचा. नंतर व्यापाऱ्याचा माणूस सांगत आला, की तराजूचंच चुकलं होतं. वडिलांनी त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितलं. चहा आईनंच केला, त्या हातानं.

एवढंच होतं. मी पुरं केलं. वडील माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीकडं तोंड करून उभे होते. मला त्यांची कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं.

हवालदारांनी त्यांना सोडलं नाही. "यांस्नी मी चौकीत चहा पाजतो, सावकाश. तुम्ही पळा," असं ते बाईंना म्हणाले. बाईंनी ओळखीची जीप काढली आणि आम्ही वडिलांच्या आधी हुपरीत पोचलो. आई चुलीपाशी होती. माझा ओठ बघून तिनं आधी पाणी दिलं.

"झालं सांगून?"

"झालं."

"समदं?"

"समदं."

तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं, दोन लुगडी पिशवीत भरली आणि जीपमध्ये येऊन बसली. शेजारी दारात आले होते. एक म्हातारी म्हणाली, "अगं, नवऱ्याला टाकून कुठं चाललीस?"

आई म्हणाली, "लेकीकडं."

कोल्हापुरात आम्ही भाड्यानं खोली घेतली. वडील दोनदा आले, दारात दगड मारून गेले, मग आले नाहीत. परीक्षेला हात बरा झाला होता. मी बी. ए. पास झाले, घराण्यातली पहिली. ते पान एका मासिकात माझ्या नावानं छापलं गेलं. पुढं पुस्तक झालं, आणि दोन हजार सालानंतर त्याच माडीवर रविवारचा वर्ग मी घेऊ लागले. आई माझ्याजवळ राहिली. आमच्या खोलीत कुणी कुणावर हात उचलला नाही.