डाव्या हाताची अक्षरं

लाकडाच्या गिरणीत तिला सगळे ताई म्हणत. मोठी करवत ज्या संगणकावर चाले तो लिनक्सचा होता आणि त्याचं सगळं ताईकडे. अपडेट दोन महिने तुंबले होते. मालकाच्या थोरल्या मुलाकडे तिनं करवत थांबवायला चारदा एक तास मागितला, पण त्याचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर; तास काही मिळेना. शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिनं न विचारताच अपडेट लावलं. संगणक पुन्हा सुरू होताना अडकला आणि करवत पाऊण तास उभी राहिली.

थोरला शिव्या देतच आत आला. ताई लोखंडी कपाटातून वही काढत होती. तिचा हात आत असताना त्यानं दारावर लाथ घातली. मग आणखी एक. करवत बंद होती, त्यामुळे हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणी ब्रही काढला नाही.

उजव्या हाताची तीन बोटं मोडली. आईनं नोकरी सोड म्हणून डोकं आपटून घेतलं, पण थोरल्याला आपण पळालो असं वाटू नये म्हणून ही प्लास्टरसकट कामावर हजर. संगणकाच्या लांबलचक आज्ञा एका हातानं टाइप करताना जीव मेटाकुटीला येई. मग तिनं एका फाइलमध्ये एकेका आज्ञेला आखूड नाव दिलं, सगळी कीबोर्डाच्या डाव्या बाजूच्या अक्षरांची. ‘एएस’ टाइप केलं की आधी सगळ्याची प्रत निघे, ‘एएसडी’ टाइप केलं की अपडेट सुरू.

पुढचं अपडेट तिनं पाळी बदलताना लावलं. कुणीतरी थोरल्याकडे चुगली केली. त्यानं मागून केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला, दात पडला. तो पुन्हा आपटणार, तेवढ्यात तिच्या डाव्या हाताला फळीचा तुकडा लागला. तिनं न बघताच मागं हाणला. त्याचं कोपर फुटलं. तो वळला, तसा दुसरा फटका गुडघ्यावर. तो कोसळला, तरी तिसरा खांद्यावर. चौथ्यासाठी हात उचलला तेव्हा करवतीवरच्या मिस्त्रीनं तिचं मनगट धरलं.

"ताई, पुरे. मरेल तो."

"मरू दे," ती म्हणाली, पण फळी टाकली. मग तोंडातलं रक्त पदरानं पुसत खुर्चीत बसली. अपडेट मध्येच तोडलं असतं तर संगणक कायमचा बसला असता. ते पुरं झाल्यावरच ती पोलीस चौकीत गेली.

मिस्त्रीनं या खेपेला तोंड उघडलं. कपाटाच्या दाराचंही सांगितलं. थोरला सहा महिने आत गेला. ताईलाही कोर्टानं ताकीद दिली आणि नोकरी गेली ती गेलीच. आता ती एका छापखान्यात आहे. बोटं वाकडीच राहिली, नवी मशीनही ती त्याच डाव्या अक्षरांवर चालवते.

मारल्याचं वाईट वाटतं का, असं आईनं एकदा विचारलं.

"पहिल्या दोन फटक्यांचं नाही," ताई म्हणाली. "तिसरा मात्र मी चवीनं मारला, आई."