कोपरानं वाजवलेली घंटा

वॉर्डची घंटा इव्हॉन क्रॅडॉक रोज कोपरानं वाजवायची. हात मोकळे नसायचे. दोन्ही हातांत लेमन स्लाइसचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा, पत्र्याचा डबा असायचा. कुलूपबंद दाराच्या काचेतून ग्लेनिस, तिथली मुख्य परिचारिका, आधी डबा बघायची, मग इव्हॉनला, आणि दार उघडायची.

इव्हॉननं अर्धं आयुष्य वॅरिनप गावात शाळेची बस चालवली होती. आता एका संस्थेची कैवारी म्हणून सक्तीनं दाखल केलेल्या मनोरुग्णांचं म्हणणं ती डॉक्टरांपुढे मांडायची. स्वतःचं मत घालायचं नाही, माणूस जसं बोलेल तसंच पोचवायचं, एवढाच त्या कामाचा नियम. पण वॉर्डात शिरण्याचा किंवा कागद बघण्याचा हक्क कायद्यानं तिला दिलेला नव्हता. तिला त्याची खंतही नव्हती. "हक्क कशाला हवेत? गोडीनं सगळं होतं," असं ती संस्थेच्या बैठकीत म्हणायची, आणि लोक माना डोलवायचे.

मर्ना पेल वॉर्डात आली. ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या तळावरची स्वयंपाकीण. इंजेक्शनानं तिचे हात इतके थरथरत, की चहा बशीत सांडायचा. डॉक्टरांच्या बैठकीआधी तिनं इव्हॉनला बजावलं, "असंच सांग. तुमच्या सुईनं माझे हात नेले. मला डोस कमी हवाय, आणि आजच हवाय. या हातांनी मला परत कोण ठेवून घेणार आहे?"

"असंच सांगते," इव्हॉन म्हणाली.

बैठकीत ग्लेनिस समोरच बसली होती, बशीत लेमन स्लाइस घेऊन. आदल्याच दिवशी तिनं इव्हॉनला भेटीची वेळ टळून गेल्यावरही आत घेतलं होतं. इव्हॉननं घसा साफ केला.

"मर्नाला हातांचा जरा त्रास होतोय. सवडीनं बघता आलं तर..."

"बघू या," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. डोस तसाच राहिला.

बाहेर आल्यावर मर्ना शांतपणे म्हणाली, "माझं तोंड म्हणून तुला नेलं, बाई. त्यात तुझाच खाऊ भरलेला होता."

इव्हॉनचे कान तापले. रिकामा डबा तिनं पोटाशी धरला, झाकण खडखडू नये म्हणून. गाडीत बसल्यावर तो मागच्या सीटखाली सरकवला, तरी आरशातून मागे बघायचं टाळलं.

पुढे राजधानीतून सरकारी माणसं आली, कैवाऱ्यांना कायद्यानं अधिकार हवेत का, हे विचारायला. सगळ्यांनी इव्हॉनकडे पाहिलं. ती काय म्हणणार हे ठाऊकच होतं.

"द्या," ती म्हणाली. "दार कुणाच्या मेहेरबानीनं उघडलं, की आत गेल्यावर त्याचंच मन राखावंसं वाटतं. मी राखलंय."

 

कायदा झाला. हिवाळ्यात मर्ना पुन्हा दाखल झाली. "हीच का? दुसरं कुणी नाही?" म्हणाली, पण इव्हॉनला सांगितलं मागच्या वेळचंच, त्याच शब्दांत. इव्हॉननं या वेळी घंटा बोटानं वाजवली. ग्लेनिसला दार उघडावं लागलं, फाइलही द्यावी लागली. बैठकीत मात्र इव्हॉनची जीभ पूर्वीसारखीच टाळूला चिकटली. ती सोडवायचं कलम कायद्यात नव्हतं. इव्हॉननं मर्नाच्या हातांकडे पाहिलं.

"तुमच्या सुईनं माझे हात नेले, असं मर्ना म्हणते. तिला डोस कमी हवाय, आणि आजच हवाय."

ग्लेनिसनं मान वर केली नाही. नव्या कायद्यानं डॉक्टरांना आता नकाराचं कारण लेखी द्यावं लागणार होतं. त्यांनी डोस उतरवला. मर्नानं आभार मानले नाहीत. इव्हॉनला ते बरंच वाटलं.

चहाच्या खोलीत तिच्यासाठी कप मांडलेला नव्हता. तिनं पिशवीतून आपला थर्मास काढला.

"चहा आणलाय मी, ग्लेनिस. दूध तेवढं इकडे सरकव."