पहिलं धुवण

माझी उमेदीची वर्षं भोसरीत धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंग शॉपमध्ये गेली. टाकीतून निघालेला माल आधी पाण्यातून काढायचा, हे वळण तिथं हाताला लागलं. आता मी तळेगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. हात मात्र तोच आहे.

आमच्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी तांब्याचे निळे स्फटिक वाढवत होती. त्यांत तांब्याचे अणू आणि सेंद्रिय रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात आणि साखळ्यांमधल्या पोकळ्यांत पाण्याचे काही रेणू पुंजका करून बसतात. तो पुंजका कसा बसतो, ते क्ष-किरणांनी पाहायचं होतं. पुण्यातल्या यंत्रावर तिला मुश्किलीनं सोमवारची वेळ मिळाली होती. शनिवारी जेवायला जाताना ती म्हणाली, "काका, तेवढे स्फटिक गाळून ठेवाल?"

मी गाळले. वर चिकट ओल दिसली म्हणून डिस्टिल्ड पाण्यानं धुतले. बघता बघता गाळणकागद कोरा झाला.

हा पदार्थ पाण्यात विरघळतो, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. तिचे वडील चाकणला ओव्हरटाइम करून तिला शिकवतात, हेही मला माहीत होतं. 'धक्का लागून सांडले' असं सांगावं, हा विचार क्षणभर मनात आला. त्याची लाज अजून वाटते.

ती जेवून परतली, तेव्हा दारात असतानाच मी म्हणालो, "मी पाण्यानं धुतले. गेले सगळे."

ती कागदाकडे बघत राहिली. "काका, ते काय नट-बोल्ट आहेत का?"

मी रिकामी गाळणी बाजूला ठेवली.

"आणि ते पाणी? बेसिनमध्ये ओतलंत?"

"नाही. पहिलं धुवण आम्ही प्लेटिंगवाले कधी फेकत नाही. धातू त्यातच उतरलेला असतो." सवयीनं मी ते बीकरमध्ये धरलं होतं.

तिनं बीकर उजेडात धरला. पाणी निळं होतं. ती खुर्चीत बसली आणि हसली. "मग घाबरवता कशाला? विरघळलेत, संपले नाहीत. पाणी उडालं की परत जुळतील."

तिनं पुण्याला फोन करून वेळ पुढे ढकलून घेतली. मी बीकरवर भोकं पाडलेला कागद बांधला आणि पंपाची थरथर पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला. रोज सकाळी हात मागे बांधून बघायचो. पाणी उतरत गेलं, तळाशी एक निळा कण दिसला, मग बरेच. आधीच्यापेक्षा ठसठशीत.

गाळायचं काम तिनं पुन्हा मलाच दिलं. शेजारी ठेवलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'थंड अल्कोहोल. यात विरघळत नाहीत. काका, हेच.'

पुण्याहून आलेलं चित्र तिनं आधी मला दाखवलं. पोकळीत पाण्याचा पुंजका नीट बसलेला होता.